चौघे गेलो, तिघे आलो

मी केदारनाथला पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथला कोपरा न् कोपरा मला पाठ होता, कारण तो सगळा मीच रचलेला होता.

हे जरा उलगडून सांगतो. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. जालन्याला स्वतःचा जिल्हा मिळालेला नव्हता आणि मला स्वतःची अक्कल. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर शाईने मार्का रंगवायचं काम मी करायचो, उरलेल्या वेळात दुकानांच्या पाट्या. म्हणून अख्खं गाव मला पेंटर म्हणायचं. एका साली मला कावीळ झाली आणि तीन आठवडे मी मनमाडला मावशीकडे उसाचा रस पीत पडून राहिलो. परत आलो तो निम्मा होऊन. गालफडं बसलेली, दाढी छातीपर्यंत. (छातीपर्यंत नसेल. गळ्यापर्यंत होती.) स्टेशनसमोरच्या हॉटेलात पाय ठेवला तर आमचा पहेलवान म्हणाला, "कुठं गेल्ता रं पेंटर? हिमालयात?"

आता तुम्हीच सांगा. इतका आयता प्रश्न समोर आल्यावर माझ्यासारख्या माणसाने "मनमाडला" असं उत्तर द्यायचं?

"हौ," म्हणालो. "केदारनाथ."

तिथून पुढे चार वर्षं ती गोष्ट मी त्या हॉटेलात सांगितली. श्रोते ठरलेले तिघे. पहेलवान, जो हमाली करायचा आणि भरलेलं पोतं उशीसारखं उचलायचा. मास्तर, छप्पन साली धम्म स्वीकारलेल्या घरातले. देव, भूत आणि मी, या तिन्हींवर त्यांचा विश्वास नव्हता, पण गोष्ट ऐकायला रोज हजर. आणि बाजारपेठेत मशीन घेऊन बसणारा शिंपी, ज्याला सगळे खलिफा म्हणायचे. खलिफा मान खाली घालून काजं करत ऐकायचा आणि चुकीच्या जागी हसायचा.

रचण्याची माझी एक पद्धत होती. थाप हवेतून काढायची नाही, सामान खरं घ्यायचं, फक्त दुसऱ्या गावचं. माझ्या केदारनाथच्या पुलापाशी एक काळं कुत्रं बसायचं, मागचा डावा पाय उचलून धरणारं; ते मुळात हसनाबादचं, माझ्या सासुरवाडीच्या पारावरचं. पुलाच्या टोकाला एक घंटा होती, तिला लोलक नव्हता. ती मी अंबडला कोर्टाच्या मागे पाहिलेली. धर्मशाळेचा म्हातारा चहा द्यायचा तो सहा बोटांच्या हातानं. तो हात जालन्याच्या एका पानवाल्याचा. एवढं सगळं उचलून मी हिमालयात नेऊन ठेवलं होतं आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

गोष्टीचा शेवट मात्र माझा स्वतःचा. वाटेत भेटलेले तिघे आणि मी, असे चौघे देवळामागच्या बर्फातून वरच्या तळ्याकडे निघतो. चौथ्याच्या गळ्यात लाल मफलर. धुकं उतरतं. तो खाली बसतो आणि म्हणतो, "तुम्ही व्हा पुढं, मी जरा दम घेतो." आम्ही पंचवीस पावलं जातो, वळून बघतो, तर माणूस नाही. बर्फात त्याची काठी उभी आणि काठीला लाल मफलर. इथे मी थांबायचो, बशी तोंडाला लावायचो आणि हळूच म्हणायचो, "चौघे गेलो, तिघे आलो."

या वाक्यावर चार वर्षं मला फुकट चहा मिळाला.

मग एका उन्हाळ्यात मास्तरांना सुट्टी लागली, मोंढ्याच्या बाजारातली हमाली थंडावली, आणि पहेलवान म्हणाला, "चला की केदारनाथला. पेंटरला समदा रस्ता ठावं हाय."

मी पुष्कळ सबबी काढल्या. पाठ, बायको, जिनिंग. खलिफा म्हणाला, "कैकु डरतंय? तू तो रस्ता देखेला आदमी." पहेलवानाच्या आईने तर घरी येऊन माझा हात धरला. "बाबा, ह्यो माझा एकलाच हाय. तू संगं हायस म्हणून धाडते. वापस आणून दे." मी हो म्हणालो. ती माऊली गोष्टीचा शेवट कधी ऐकायला आली नव्हती.

खलिफाने चौघांना कोट शिवले. आत कापूस भरला, आमच्याच जिनिंगचा, लांब धाग्याचा, हात घातला तर कोपरापर्यंत बुडावा असा. त्याने गोधडीसारखे टाके घातले. परतूरच्या स्टेशनवर मे महिन्याच्या दुपारी ते अंगात घालून बघितले तेव्हा पहेलवान चक्कर येऊन बाकावर बसला. मला ते आवडलं नाही. त्याचं बसणं, म्हणजे.

मनमाडला गाडी बदलली. मावशीच्या घराचं छप्पर फलाटावरून दिसत होतं, मी तोंड फिरवून उभा राहिलो. मग दिल्ली, मग हरिद्वार, मग दोन दिवस डोंगराच्या कडेने जाणारी बस, जिच्यात ड्रायव्हरखेरीज सगळे डोळे मिटून होते, आणि मला तर ड्रायव्हरचीही खात्री नव्हती. ऋषिकेशच्या बाजारात पहेलवान मागे राहिला होता. पळत येऊन बसमध्ये चढला तेव्हा त्याच्या गळ्यात लाल मफलर होता.

"कसा दिसतो?" म्हणाला.

"काढ तो," मी म्हणालो.

"का? तुझ्या त्या माणसाचा असाच होता ना? म्हणून तर घेतला की!" आणि सगळी बस हसवत सुटला.

तोवर मला भीती होती ती फक्त पकडलं जाण्याची. वर गेलो की कळणार, इथे ना घंटा ना कुत्रं, आणि परतुरात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सगळी पायवाट मी उत्तरं जुळवत चढलो. कुत्रं मेलं असेल. घंटा कुणी नेली असेल. म्हातारा तर काय, म्हातारेच असतात ते.

गाव दिसायला लागलं. बर्फ गल्ल्यांतून अजून वितळलेलं नव्हतं, घरांच्या भिंतींशी कमरेइतकं साचलेलं. नदीवर पूल होता. पुलापाशी काळं कुत्रं बसलेलं होतं. आम्हाला बघून ते उठलं आणि मागचा डावा पाय उचलून तीन पायांवर बाजूला झालं.

"बराबर!" पहेलवान ओरडला. "हेच ना रं?"

मी कुत्र्याकडे बघत राहिलो. त्याने माझ्याकडे बघून शेपूट हलवली. ओळख असल्यासारखी.

पूल ओलांडला. टोकाला दोन दगडी खांब आणि मध्ये पितळेची घंटा. खलिफाने तिच्या पोटात हात घालून बघितला आणि म्हणाला, "अंदर कुछ नईं." मास्तर पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने बघायला लागले. चार वर्षांत त्यांनी मला खोटारड्याखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं, आता म्हणाले, "पेंटर, माफ करा बुवा. मी तुम्हाला फार बोललो."



धर्मशाळेत एक म्हातारा चुलीपुढे बसला होता. मी त्याच्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण चहाचा पेला समोर आला आणि पेल्याभोवती बोटं होती सहा. तिघांनीही ती मोजली. पहेलवानाने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की अर्धा चहा सांडला. म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "आप तो पहले भी आए हैं," म्हणाला.

"आए हैं, आए हैं!" पहेलवान म्हणाला.

आता समजा, तुम्ही एक गोष्ट रचली. कुत्रं खरं निघालं, घंटा खरी निघाली, सहावं बोटही खरं निघालं. तर उरलं काय? उरला शेवट. आणि शेवटातला लाल मफलर माझ्या शेजारी बसून चौथी पोळी खात होता.

सकाळी पहेलवान आणि मी दर्शनाला गेलो. मास्तर आणि खलिफा बाहेर आमचे बूट सांभाळत बसले. मास्तर म्हणाले, "मी डोंगर बघायला आलोय, त्याला हात जोडायची गरज नाही." खलिफा म्हणाला, "भगवान तुमचा, थंडी सबकी." आत मी देवाला एकच मागितलं. कधी नव्हे ते खरं बोललो, की बाबा, मी इथे आलो नव्हतो, तुला ठाऊक आहे. तेवढं तूच सांग सगळ्यांना.

पहेलवान आधीच बाहेर पडला होता. मी आलो तर तिघेही देवळामागे बर्फाकडे तोंड करून उभे. तळं. चार वर्षं ज्याचं पाणी मी कधी निळं कधी हिरवं सांगत आलो, ते तळं त्यांना बघायचं होतं. कोस-दीड कोसाची वाट. धर्मशाळेच्या म्हाताऱ्याने चौघांना एकेक काठी दिली आणि म्हणाला, दुपारच्या आत परत या, नंतर ढग खाली येतो. मी म्हणालो, माझा पाय दुखतोय. पहेलवान म्हणाला, "खांद्यावर घीन, पण तू पुढं पायजे. रस्ता तुलाच ठावं."

म्हणून मी पुढे चाललो. ज्या वाटेवर मी कधी पाऊल टाकलं नव्हतं तिच्यावर तिघांचा वाटाड्या होऊन. बर्फ वरून साखरेसारखं आणि आत पोकळ, पाय गुडघ्यापर्यंत जायचा. आवाज म्हणून नाही. आमच्याकडे दुपारी रान शांत असतं म्हणतात, पण त्यात होला घुमतो, मोट नाहीतर इंजिन चालतं, लांब कुणीतरी बैलाला शिव्या देतं. इथली शांतता कान लावून ऐकत होती. तळं आलं की नाही मला सांगता येणार नाही. एक सपाट पांढरी जागा आली, मी म्हणालो "हे तळं," आणि सगळ्यांनी मान डोलावली. मग ढग उतरला. दुपार होती, पण हात लांब केला तर पंजा दिसेना.

वळलो. तास दीड तास चाललो आणि समोर पावलांच्या खुणा आल्या. खलिफा खूश झाला. मास्तरांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "आपल्याच आहेत. आपण गोल फिरलो."

"चकवा," पहेलवान म्हणाला.

आमच्याकडचं कुणीही हेच म्हणालं असतं. ओळखीच्या रानात माणूस रात्रभर बांधाभोवती फिरत राहतो, तो चकवा. त्यावर उपायही ठरलेला. थांबायचं, पायातलं काढायचं, झटकायचं आणि डावं उजव्या पायात, उजवं डाव्यात घालायचं. चकव्याला मग माणूस उलटा चालल्यासारखा वाटतो आणि तो नाद सोडतो. काळ्या रानात याने कुणाचं काही बिघडत नाही. बर्फात बूट काढायची बुद्धी फक्त परतूरच्याच माणसांना होऊ शकते.

"मूर्खपणा आहे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, शाळा खाली राह्यली," पहेलवान म्हणाला. "काढा बूट."

काढले. चौघांनी काढले. मास्तर आजतागायत कबूल करत नाहीत, पण काढले. पहेलवानाने तर सगळं रीतसर केलं. मोजेही काढले, पिळले, अनवाणी पाच वेळा जागच्या जागी फिरला आणि मग उलटे बूट चढवले. आम्ही पुन्हा निघालो, बदकांसारखे फेंगडे. आणि तोवर दुसरं एक लक्षात येऊ लागलं. कोट जड होत होते. आमच्या जिनिंगचा कापूस ढगातलं पाणी पीत होता. कोरडा कापूस ऊब देतो हे आम्हाला पिढ्यानपिढ्या ठाऊक. ओल्या कापसाची गाठ दोन हमालांनाही उचलत नाही हे पहेलवानालाच ठाऊक असायला हवं होतं.

थोड्या वेळाने मागून धप्प आवाज आला. वळलो. पहेलवान बर्फात बसला होता. काठी शेजारी रोवलेली.

"पाय लागंना झालेत," म्हणाला. चेहरा शांत, झोपाळू. "तुमी व्हा म्होरं. मी जरा दम घेतो."

खलिफाच्या हातातली काठी पडली. चार वर्षं ऐकलेलं वाक्य होतं ते. त्यालाही पाठ होतं.

मी पहेलवानापुढे गुडघ्यांवर बसलो आणि ओरडलो, "मी खोटं बोललो! मी इथं कधी आलोच न्हाई! मनमाडला होतो, मावशीकडं! कावीळ झाल्ती मला! कुणी मेलं न्हाई, कुणी बसलं न्हाई, समदी थाप हाय!"

आयुष्यात मी इतकं खरं एका दमात कधी बोललो नव्हतो. तिघांपैकी एकानेही विश्वास ठेवला नाही.

"हवा विरळ आहे," मास्तर खलिफाला म्हणाले. "डोक्यावर परिणाम होतो."

"मंग कुत्रं?" पहेलवान झोपेत विचारावं तसं म्हणाला. "घंटा? सहा बोटं? येडा झाला पेंटर." आणि त्याने डोळे मिटले.

आम्ही तिघांनी त्याला ओढला. तो दगडासारखा. कोटासकट त्याचं वजन एका बैलाइतकं होतं, आणि ही अतिशयोक्ती नाही. खलिफा रडायला लागला, पहेलवानाच्या कानात त्याच्या आईचं नाव घेऊ लागला. काही उपयोग नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खरं बोलणं हा माझा धंदाच नव्हे. जे हत्यार आपल्याला चालवता येतं तेच काढावं.

"बरं," मी म्हणालो. "ऐक मंग. खरं सांगतो. मी तुला चार वर्षं अर्धीच गोष्ट सांगितली."

एक डोळा उघडला.

"तो लाल मफलरवाला बसला हे खरं. काठीला मफलर होता हे बी खरं. पण तो मेला न्हाई. उठला होता तो. खाली आल्ता. ते मी सांगत न्हवतो, कारण मंग तुमी चहा पाजला नसता."

दुसरा डोळा उघडला. "कसा उठला?"

"कोट काढला त्यानं. ओला कोट फेकला. बूट बराबर घातले. मफलर काठीला बांधला, की बर्फाला वाटावं मी हितंच हाय. आन गपचूप उठला." बोलता बोलता मी त्याचा कोट ओढून काढत होतो, मास्तर त्याचे पाय चोळून बूट बदलत होते, खलिफाने मफलर सोडवून काठीला बांधला. "मंग खालून घंटा वाजली. घंटेच्या आवाजावर आमी चौघं खाली आलो."

"हूं," पहेलवान म्हणाला. "फसवतो का? तिला लोलक न्हाई."

"दगडानं वाजवली."

"कुणी?"

 उत्तर रचायला मी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी खालून, उजव्या हाताच्या पांढऱ्यातून, ठण्ण झालं. मग पुन्हा. दगड पितळेवर आपटावा तसा बसका, फुटका आवाज.

पहेलवान उठला. आम्ही उठवला नाही, तोच उठला. आम्ही तिघांनीही आपापले ओले कोट फेकून दिले आणि त्याला मध्ये धरून आवाजाच्या दिशेने निघालो. मागे वळून एकदाच बघितलं. बर्फात काठी, काठीला लाल मफलर. जसंच्या तसं. फक्त माणूस आमच्यात होता.

घंटा थांबली नाही. देवळाची भिंत हाताला लागेपर्यंत वाजत राहिली आणि मग थांबली.

धर्मशाळेत म्हाताऱ्याने पहेलवानाचे पाय मांडीवर घेऊन चोळले. पायाची बोटं निळी झाली होती. शेवटी एकाचं नख गेलं, बाकी सगळा माणूस वाचला. मास्तर म्हणाले, "बाबा, आपने घंटा बजाया, आपका उपकार है."

"मैंने?" म्हातारा म्हणाला. "मैं तो चूल्हे पर था. आपका साथी बजा रहा था." आणि त्याने चहा मांडला. पेले पाच.

"हम चार हैं," मी म्हणालो.

"और वो लाल मफलर वाले? आपसे पहले उतर आए थे. पत्थर उठाकर बजाने लगे. मैंने कहा अंदर आओ, बोले, ज़रा दम ले लूँ. बाहर बैठे होंगे."

 पहेलवानाने आपल्या मोकळ्या गळ्याला हात लावला. मी पाचवा पेला उचलला आणि बाहेर गेलो. बाहेर दुपार तशीच पांढरी होती. ओट्यावर कुणी नव्हतं. काळं कुत्रं होतं, ते पुलाकडे बघत होतं. दाराशी आमच्या काठ्या टेकवलेल्या होत्या. तीन आणल्या होत्या, चौथी वर राहिली होती. मी मोजल्या. चार. चौथीच्या टोकाला ताजं बर्फ होतं आणि मुठीपाशी लाल लोकरीचा एक धागा.

मी पेला ओट्यावर ठेवला आणि आत येऊन दार लावून घेतलं.

परतूरला पहेलवानाच्या आईने पोराला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, नख नसलेल्या बोटापाशी थांबली आणि मला म्हणाली, "एवढं चालतंय." इतका मोठा हिशोब चुकता झालेला मी आजवर पाहिला नाही.

हॉटेलात आता गोष्ट पहेलवान सांगतो. त्याच्या गोष्टीत मी हिमालयात दोनदा गेलेला आहे. मी मनमाडचं खरं सांगायला जातो तेव्हा सगळे हसतात; मास्तरसुद्धा. आम्ही चौघे बसलो की मी पाच चहा सांगतो. हॉटेलवाला का म्हणून विचारत नाही. पाचवा शेवटी पहेलवानच पितो, थंड झाल्यावर. त्याआधी थोडा वेळ आम्ही तो रिकाम्या खुर्चीपुढे तसाच राहू देतो, आणि त्या वेळात कुणी थापा मारत नाही.